पडद्यावरील शस्त्रे आणि इतिहासाची साक्ष

न्यायालयात खुनाचा खटला उभा राहिला, म्हणजे आरंभीच्या प्रश्नांत एक प्रश्न हमखास येतो: जखम कोणत्या हत्याराने झाली? डॉक्टरांनी शवावर नोंदलेली जखम आणि पंचनाम्यात दाखविलेले हत्यार यांचा मेळ बसला नाही, तर बाकीचा पुरावा कितीही घोटीव असला तरी तो डळमळू लागतो. हत्यार मुके असते खरे. पण त्याची लांबी, धार, वजन आणि पल्ला ही ठरलेली असतात, आणि त्या मर्यादेबाहेरचे कृत्य त्याच्या माथी मारता येत नाही. मनुष्य साक्ष फिरवितो, हत्यार फिरवीत नाही. इतिहासाच्या खटल्यालाही हाच न्याय लागू केला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे म्हणणे आहे. आणि आजकाल इतिहासाचा खटला ग्रंथालयात न चालता चित्रपटगृहात चालत असल्यामुळे, रूपेरी पडद्यावर दिसणाऱ्या तलवारी, तोफा आणि बंदुका यांची उलटतपासणी करणे हा केवळ रिकाम्या वेळचा छंद राहिलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, की चित्रपट ही करमणूक आहे. तीत तलवार वाकडी की सरळ, गोळा फुटला की नाही, याची चिकित्सा करीत बसणे म्हणजे पंगतीत बसून मिठाचे खडे मोजण्यासारखे आहे. हा आक्षेप वरवर रास्त दिसतो. परंतु १४ फेब्रुवारी २०२५ रोजी ‘छावा’ हा संभाजी महाराजांवरील हिंदी चित्रपट प्रदर्शित झाल्यावर जे घडले, ते पाहावे. मार्च महिन्यात मध्य प्रदेशातील बऱ्हाणपुराजवळ असीरगडाच्या परिसरात लोक रात्रीच्या वेळी कुदळी आणि विजेऱ्या घेऊन शेते खणू लागले. पडद्यावर बऱ्हाणपूरच्या संपत्तीची कथा पाहिली होती. तेव्हा मोगलांचे सोने जमिनीत असलेच पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. ज्यांनी करमणूक म्हणून तिकीट काढले, तेच पुरावा मिळाल्याच्या खात्रीने कुदळ घेऊन निघाले. प्रेक्षक पडद्याला साक्षीदार मानतो, याहून स्पष्ट प्रमाण कोणते हवे?

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. मोरजीच्या किनाऱ्यावर उभे राहिले, म्हणजे नदीच्या मुखापलीकडे शापोऱ्याचा किल्ला डोळ्यांत भरतो. त्याची आजची तटबंदी पोर्तुगिजांनी १७१७ साली उभी केली. १७३९ ते १७४१ या काळात तो वाडीकर भोसल्यांच्या ताब्यात होता. नदीच्या अलीकडचा आमचा पेडणे महाल तर १७८८ पर्यंत पोर्तुगीज राज्यात आलाच नव्हता, म्हणजे हा किल्ला दोन सत्तांच्या सीमेवरील पहारेकरी होता. परंतु आज बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला विचारा. तो या किल्ल्यास २००१ साली आलेल्या एका हिंदी चित्रपटाच्या नावाने ओळखतो, कारण तीन मित्र त्याच्या तटावर बसून समुद्र पाहत असल्याचे दृश्य त्यात आहे. त्या चित्रपटाने इतिहास सांगण्याचा आव आणला नव्हता, म्हणून त्याचा दोष नाही. पण पडद्यावरच्या काही मिनिटांनी दोन-तीन शतकांच्या स्मृतीवर कशी मात केली, हे ध्यानात घ्यावयास हवे. जो चित्रपट इतिहास सांगण्याचा दावा करतो, त्याचे सामर्थ्य मग केवढे असेल!

येथे नाटक आणि चित्रपट यांतील एक मूलभूत भेद सांगितला पाहिजे. आमच्या गोमंतकात देवालयांच्या जत्रा-उत्सवांतून ऐतिहासिक मराठी नाटके पिढ्यान्‌पिढ्या होत आली. सभामंडपासमोर मंच उभारावा, गावातल्याच एखाद्या तरुणाने औरंगजेब व्हावे, लाकडी तलवारीवर बेगड चिकटवावा आणि पहाटेपर्यंत शौर्याचे भाषण चालावे, हे दृश्य कोणास अपरिचित आहे? पेडण्याच्या दशावतारात तर राजाची तलवार आणि राक्षसाची तलवार पुष्कळदा एकाच पेटीतून निघते. डिचोली-सत्तरीकडील शिगम्यातल्या घोडेमोडणीत कमरेला बांधलेला लाकडी घोडा आणि हातातील उपसलेली तलवार यांवर सारा रणावेश उभा राहतो. या सर्व ठिकाणी पाहणारा आणि दाखविणारा यांच्यात एक करार झालेला असतो. बेगडाची तलवार ‘मी तलवार आहे’ असे म्हणत नाही. ‘मला तलवार समजा’ असे म्हणते. म्हणून ती कोणाची फसवणूक करीत नाही. चित्रपटाचे तसे नाही. त्याचा कॅमेरा पात्याच्या टोकापर्यंत जवळ जातो, गंज दाखवितो, रक्त दाखवितो, वर तारीख आणि गावाचे नाव लिहितो; आणि हे सर्व करून ‘असे घडले’ असे सांगतो. संकेत संपला की दावा सुरू होतो, आणि दावा आला की पुराव्याची जबाबदारी आली.

आता चुका म्हणून ज्या असतात, त्या सर्व एकाच मापाच्या नसतात. कायद्यात जसा क्षुल्लक दोष आणि मर्मी दोष असा भेद करतात, तसा येथेही केला पाहिजे. माझ्या मते पडद्यावरील शस्त्रविषयक चुकांचे तीन वर्ग पडतात. पहिला, शोभेच्या चुका. यांनी कथेचे काही बिघडत नाही, फक्त जाणत्याच्या कानाला किंवा डोळ्याला त्या टोचतात. दुसरा, शक्यतेच्या चुका. यांमुळे जे घडणे शक्य नव्हते ते घडलेले दिसते आणि जे खरोखर घडले त्याची अवघडता नाहीशी होते. तिसरा, दोषारोपाच्या चुका. यांमुळे एकाचा अपराध दुसऱ्याच्या पदरात पडतो किंवा निःशस्त्राच्या हाती शस्त्र येते.

शोभेच्या चुकांपासून प्रारंभ करू. पडद्यावर तलवार म्यानातून निघाली की ‘छन्न’ असा धातूचा नाद उठतो. वास्तविक आपल्याकडील म्यान लाकडाचे, वरून चामडे किंवा मखमल मढविलेले असे. लाकडावर पोलाद घासल्याने असा नाद निघावयाचा नाही. वीर पुरुष पाठीवर आडव्या बांधलेल्या म्यानातून लांब तलवार एका झटक्यात उपसतो, हेही तसेच. हात पुरता लांबविला तरी पाते म्यानाबाहेर येण्याइतकी जागा पाठीवर मिळत नाही. कोणीही घरी लाकडी पट्टी घेऊन हा प्रयोग करून पाहावा. मावळ्यांच्या अंगावर काळ्या चामड्याची चिलखते दिसतात, ती कोकणाच्या दमट हवेत डोंगर चढणाऱ्या माणसाने घातली असती तर शत्रूची गरजच उरली नसती. रुई भरून शिवलेला जाड अंगरखा हेच सामान्य शिपायाचे संरक्षण. या चुका हसून सोडून द्याव्यात.

तथापि यांतलीच एक चूक वरवर शोभेची दिसली तरी आम्हा गोमंतकीयांना अंतर्मुख करणारी आहे. चित्रपटांत पुष्कळदा असा सोपा नियम आढळतो, की वाकडी तलवार ती आपली आणि सरळ तलवार ती परक्याची. प्रत्यक्षात मराठ्यांची आवडती धोप ही लांब आणि बहुतांशी सरळ. पट्ट्याचे पातेही सरळच, मुठीऐवजी कोपरापर्यंत झाकणारा लोखंडी हातमोजा असलेले. आणि ज्या तलवारीला ‘फिरंग’ असे नावच पडले, तिचे पाते युरोपात घडलेले असे. जर्मनी, इटली, स्पेन येथून ती पाती जहाजांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरत, आणि त्यांवर मूठ चढे ती येथील कारागिराच्या हातची. शिवाजी महाराजांच्या एका तलवारीचा संबंध कोकणच्या सावंतांशी आणि अशा फिरंगी पात्याशी जोडणारी परंपरा प्रसिद्धच आहे. ज्या समुद्रमार्गाने परकी सत्ता आली, त्याच मार्गाने आलेले पोलाद स्वराज्याच्या कामी लावण्यात आले. शत्रूचे उत्तम ते घ्यावे, त्यावर आपली मूठ चढवावी आणि मग त्याच्याशीच लढावे, हा तत्कालीन पुरुषांचा व्यवहारी शहाणपणा होता. सरळ पाते काढून त्यांच्या हाती वाकडे देणारा चित्रपट देशाभिमान दाखविण्याच्या भरात हा शहाणपणाच पुसून टाकतो.

बंदुकीच्या बाबतीतही गोव्याचे नाते असेच दुहेरी आहे. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगिजांना येथे तोफा-बंदुका करणारे कुशल कारागीर आयतेच सापडले, आणि आफोंस द आल्बुकेर्कने आपल्या राजाला लिहिताना त्यांच्या कौशल्याची वाखाणणी केली. पुढे १५४३ मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर जी तोड्याची बंदूक पोहोचली आणि जिने त्या देशाचे युद्धशास्त्र बदलले, तिची घडण गोव्याकडील बंदुकीशी जुळते, असे अनेक शस्त्राभ्यासकांचे मत आहे. जुन्या गोव्याजवळ पाणेली येथे दारूचा कारखाना होता. तेव्हा बंदूक म्हणजे साहेबाची आणि तलवार म्हणजे आपली, ही पडद्यावरील वाटणीही खरी नव्हे. मावळ्यांच्या फौजेतही बरकंदाज असत, किल्ल्यांवर दारूची कोठारे असत आणि तोफखान्याचा हिशेब ठेवणारे कारकूनही असत.

आता दुसऱ्या वर्गाकडे, म्हणजे शक्यतेच्या चुकांकडे वळू. यांत सर्वांत प्रचलित चूक तोफगोळ्याची. पडद्यावर तोफ डागली, की गोळा पडतो तेथे आगीचा डोंब उसळतो आणि दहा-वीस घोडेस्वार आकाशात उडतात. सतराव्या शतकातील तोफेचा नेहमीचा गोळा हा भरीव लोखंडाचा किंवा दगडाचा असे. तो फुटत नसे. तो जमिनीवर आपटून उसळे, पुन्हा आपटे, आणि वाटेत येणाऱ्या माणसा-घोड्यांना चिरीत जाई. त्याची भीती होती ती त्या धावेची, स्फोटाची नव्हे. आत दारू भरलेला कुलपी गोळाही अस्तित्वात होता. पण तो आखूड तोंडाच्या उखळी तोफेतून उंच उडवावयाचा, त्याची वात मापून कापावी लागे, आणि तो हाताळणाऱ्या गोलंदाजास स्वतःच्या जिवाचीही हमी नसे. सरसकट प्रत्येक गोळा फुटू लागला, म्हणजे विसाव्या शतकातले युद्ध सतराव्यात आणून बसविल्यासारखे होते.

दुसरी चूक पल्ल्याची. २०२० साली आलेल्या ‘तान्हाजी’ या चित्रपटात ‘नागीण’ नावाची एक अजस्र तोफ कोंढाण्यावर चढविली जाते आणि राजगडाचा वेध घेण्याची भाषा होते. कोंढाणा ते राजगड हे अंतर सरळ रेषेत पंधरा किलोमीटरांच्या आसपास आहे. त्या काळच्या मोठ्यात मोठ्या तोफेचा गोळा फार तर दोन-तीन किलोमीटर जाई, आणि नेम धरून परिणाम साधावयाचा तर अंतर अर्ध्या-पाऊण किलोमीटरावर आणावे लागे. शिवाय अशा अजस्र तोफा हलविणे म्हणजे काय प्रकरण असते, हे विजापूरच्या मुलुख-ए-मैदानवरून समजते. १५४९ मध्ये अहमदनगरास ओतलेली ही सुमारे पंचावन्न टनांची तोफ पुढे विजापुरास नेताना चारशे बैल आणि दहा हत्ती लागले, असे सांगतात. आणि तो रस्ता पठारावरचा होता, सह्याद्रीचा कडा नव्हे.

यावर चित्रपटाचे चाहते म्हणतील, की तोफेमुळे तानाजींच्या पराक्रमास भव्यता आली. माझे म्हणणे नेमके उलट आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री थोड्या लोकांनिशी कडा चढून जाणे भाग का पडले? कारण असा गड तोफेने घेणे दुरापास्त होते. तोफ खालून वर निकामी, आणि वेढा घालावा तर महिने जावयाचे. शस्त्राची मर्यादा जेथे संपली, तेथे माणसाच्या बोटांची पकड सुरू झाली. पडद्याने तोफेला नसलेले सामर्थ्य दिले, आणि त्या क्षणी कड्याची अवघडता कमी केली. जाता जाता हेही सांगावे, की तानाजींच्या मृत्यूनंतर गडास सिंहगड हे नाव मिळाले, ही आपली आवडती कथाही कागदापुढे टिकत नाही. १६६३ सालच्या महाराजांच्या पत्रातच ‘सिंहगड’ हे नाव आढळते. तानाजींचा पराक्रम त्यामुळे तसूभरही उणा होत नाही. खऱ्या पराक्रमाला अलंकाराची उसनवारी लागत नसते.

हाच विचार फोंड्याच्या किल्ल्यास लावून पाहा. १६८३ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय कोंदी द आल्व्होर याने फोंड्यास वेढा घालून तोफांचा मारा सुरू केला. पडद्यावर हे दृश्य आले, तर पहिल्याच गोळ्यासरशी दरवाजा कोसळेल आणि पुढच्या क्षणी हातघाई सुरू होईल. खऱ्या वेढ्यात भरीव गोळा तटाच्या त्याच त्या जागेवर दिवसेंदिवस आदळावा लागे, तेव्हा कोठे भगदाड पडे. आणि आतील लोक रात्री ते बुजविण्याची खटपट करीत. येसाजी कंक आणि त्यांचा पुत्र कृष्णाजी यांनी किल्ला धरून ठेवला, तो अशा दिवसांच्या आणि रात्रींच्या हिशेबाने. तोवर संभाजी महाराज मदतीस येऊन पोहोचले आणि व्हाइसरॉयला वेढा उठवून परतावे लागले. त्याच महिन्यात, २४ तारखेच्या रात्री, मराठ्यांनी ओहोटी साधून जुवे बेटावरील किल्ला घेतला. फोंड्यात प्रमुख शस्त्र होते वेळ, जुव्यात भरती-ओहोटीचे ज्ञान. दोन्ही कॅमेऱ्याला दिसत नाहीत, म्हणून ती चित्रपटातून गळतात, आणि त्यांच्या जागी आगीचे लोळ येतात.

तिसरी चूक बंदुकीच्या वेगाची. पडद्यावरील शिपाई बंदूक रोखतो, झाडतो आणि पुन्हा झाडतो. तोड्याची बंदूक भरावयाची म्हणजे नळीत मापाची दारू ओतावी, वर गोळी टाकावी, गजाने ठासावी, कानाशी रंजक घालावी, जळता तोडा फुंकून लाल करावा, आणि मग चाप ओढून तो रंजकीला टेकवावा. कसलेल्या बरकंदाजालाही मिनिटाला एक-दोन बारांपलीकडे जाता येत नसे. हातात जळती वात आणि कमरेला दारूचे शिंग अशा अवस्थेत हे सर्व करावयाचे! शिवाय रात्रीच्या अंधारात तोड्याची ठिणगी दुरून दिसे आणि तिचा वास वाऱ्यावर येई. म्हणून छापा घालणाऱ्याने तलवार, कट्यार आणि पट्टा यांवर भिस्त ठेवणे हे केवळ मर्दुमकीचे नव्हे, तर हिशेबाचेही लक्षण होते. पुढच्या काळातील चकमकीची किंवा त्याहून अलीकडची केपाची बंदूक मावळ्याच्या किंवा मोगलाच्या हाती दिली, की हा सारा हिशेब नाहीसा होतो.

आणि पाऊस? १६६० च्या जुलैत पन्हाळ्याहून निसटताना महाराजांनी जी रात्र निवडली, ती भर पावसाळ्यातली होती. ओली दारू पेटत नाही, तोडा विझतो, पहारेकरी आडोशाला जातो. १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभूंनी जी वाट अडविली, तीही या ओल्या हवेत. पावसाळ्यात नद्या फुगतात, रस्ते बुडतात आणि दारू सर्दावते, म्हणून फौजा छावणीत राहत आणि विजयादशमीस सीमोल्लंघन करून मुलुखगिरीस निघत. आपल्या देवालयांतून आणि घरांतून दसऱ्याला जे शस्त्रपूजन होते, त्याच्या मुळाशी धर्मभावनेबरोबर हा ऋतूचा आणि दारूगोळ्याचा व्यवहार आहे. चार महिने ओलीत पडलेले हत्यार बाहेर काढावे, पुसावे, धार पाहावी आणि मग देवीपुढे ठेवावे. मुसळधार पावसात धडाधड बार उडविणारा चित्रपट केवळ बंदुकीविषयी चुकत नाही, आपल्या पंचांगाविषयीही चुकतो.

येथे वाचक विचारतील, की मग सरकारी परिनिरीक्षण मंडळ काय करते? याचे उत्तर कायद्यातच आहे. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यात प्रमाणपत्र नाकारण्याची जी कारणे दिली आहेत, ती देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, बदनामी, न्यायालयाचा अवमान अशा स्वरूपाची आहेत. ऐतिहासिक अचूकता हे त्यांत कारण नाही. आणि तसे ते असू नये असेच माझे मत आहे. सरकारी मोहोर लागलेला इतिहास हा चुकीच्या इतिहासाहून अधिक धोक्याचा. परंतु लोकांचे लक्ष कोठे जाते हे पाहण्यासारखे आहे. १९३० साली प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली शिवचरित्रावर ‘स्वराज्याचे तोरण’ हा मूकपट काढला, तेव्हा ब्रिटिश सेन्सॉरने नावातील ‘स्वराज्य’ आणि शेवटचे ध्वजारोहण यांस हरकत घेतली आणि तो ‘उदयकाल’ या नावाने प्रसिद्ध झाला. तलवारींकडे कोणी पाहिले नाही. २०२५ मध्ये ‘छावा’च्या वेळी वाद झाला तो लेझीम नृत्यावर, आणि ते दृश्य वगळण्यात आले, या वेळीही शस्त्रांकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. भावना दुखावली की आपण जागे होतो, तथ्य दुखावले तर झोपूनच राहतो.

याच्या उलट एक उदाहरण संग्रहालयाचे देता येईल. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ च्या जुलैत ठराविक मुदतीसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. अफझलखानाच्या वेळी वापरली गेली ती हीच, अशी त्यांच्याविषयी परंपरा आहे. परंतु ती खरोखर तीच असल्याची खातरजमा करता येत नाही, हे त्या लंडनच्या संग्रहालयानेच मोकळेपणाने नमूद केले आहे. या सचोटीमुळे दर्शनास जाणाऱ्यांची श्रद्धा आटली, असे दिसले नाही. चित्रपटाच्या आरंभीही एक पाटी असते, की कथेत कल्पनास्वातंत्र्य घेतले आहे. पण कोठे घेतले आणि कोठे नाही हे ती सांगत नाही. वकिलाच्या भाषेत बोलावयाचे तर, ती पाटी प्रेक्षकाच्या माहितीसाठी नसून निर्मात्याच्या बचावासाठी असते.

आता राहिला तिसरा वर्ग, दोषारोपाच्या चुकांचा. या वर्गासाठी मी आमच्याच पेडणे महालातील पत्रादेवीचे उदाहरण घेतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेले सत्याग्रही गोव्याच्या सीमा ओलांडून आत शिरले, आणि पत्रादेवीस पोर्तुगीज शिपायांनी त्यांच्यावर गोळीबार केला. पंजाबचे कर्नैलसिंग तेथे पडले; इतरही पडले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ च्या १५ ऑगस्टला, आमच्याच महालातील तेरेखोल किल्ल्यावर सत्याग्रहींनी तिरंगा फडकविला होता. या लोकांच्या हाती काय होते? झेंडा होता. पत्रादेवीच्या प्रसंगाचे सारे नैतिक आणि कायदेशीर स्वरूप या एका वस्तुस्थितीवर उभे आहे. सशस्त्र टोळीवर झालेला गोळीबार आणि निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेला गोळीबार यांस कोणत्याही देशाचा कायदा एक मानीत नाही.

उद्या कोणी पत्रादेवीवर चित्रपट काढील, आणि तो निघावा अशी माझी इच्छाही आहे. परंतु दृश्य अधिक चुरशीचे व्हावे म्हणून दिग्दर्शकाने चार सत्याग्रहींच्या हाती बंदुका दिल्या, तर? प्रेक्षक टाळ्या पिटतील. ‘आपण मार खाल्ला नाही, उलट दिला’ म्हणून खूष होतील. आणि त्याच क्षणी गोळ्या झाडणाऱ्यांचा बचाव आपल्याच हाताने लिहिला जाईल. ‘त्यांच्यापाशी शस्त्रे होती’ हे वाक्य सालाझारच्या सरकारला हवे असते. ते आपण पडद्यावर फुकट पुरवू. १९६९ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी गोव्याच्या मुक्तिलढ्यावर ‘सात हिंदुस्तानी’ काढला. त्याच्या कलागुणांविषयी मतभेद असतील. पण लढा सत्याग्रहाचा होता, हे त्याने सोडले नाही, याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. १९६१ च्या डिसेंबरातील लष्करी कारवाईची गोष्ट वेगळी. तेथे आपल्या पायदळाच्या हाती प्रामुख्याने .३०३ ची, दर बारागणिक बोल्ट ओढावी लागणारी रायफल होती. स्वयंभरण रायफल सैन्यात सर्वत्र आली ती १९६२ च्या चिनी युद्धानंतर. पडद्यावर ती १९६१ मध्ये दिसली तर ती पहिल्या-दुसऱ्या वर्गातील चूक, क्षमा करण्याजोगी. पत्रादेवीच्या सत्याग्रहीच्या हाती कोणतीही बंदूक दिसली, तर ती क्षमा करण्याजोगी नव्हे.

मग सामान्य वाचकाने काय करावे? चित्रपटगृहाबाहेर मोर्चे नेणे हा उपाय नव्हे. त्याने तिकिटे अधिक खपतात. उपाय आपल्या घरात आणि देवालयात आहे. आमच्या गावोगावच्या देवळांतून आणि जुन्या वाड्यांतून दसऱ्याला पुजली जाणारी शस्त्रे आहेत. कित्येकांवर शेंदराचे थर चढले आहेत, कित्येक काचकागदाने घासून चकचकीत केली जातात. ती घासू नयेत. पात्यावरील पुसट खूण, मुठीचा आकार, म्यानाचे लाकूड हाच त्यांचा जबाब आहे, आणि काचकागद तो जबाब कायमचा खोडून टाकतो. देवस्थानच्या समित्यांनी पूजेआधी प्रत्येक शस्त्राचे छायाचित्र घ्यावे, लांबी आणि वजन मोजावे, ते कोणत्या घराण्याकडून आले याची वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली हकीकत तिच्या सांगणाऱ्याच्या नावासह वहीत उतरावी. कायद्याचे भय बाळगण्याचे कारण नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेही जुन्या घडणीची, पुरातन मोलाची आणि बंदूक म्हणून वापरता न येण्याजोगी हत्यारे बाजूस ठेवली आहेत. शंका असेल तेथे पुरातत्त्व खात्यास विचारावे.

असेच पत्रादेवीच्या बाबतीत. १९५५ साली जे विशीत होते, ते आज नव्वदीच्या घरात आहेत किंवा आपल्यातून गेले आहेत. ज्यांनी तो दिवस पाहिला, अशांपैकी जे थोडे उरले असतील, त्यांच्याकडून शिपाई कोठे उभे होते, किती अंतरावरून बार झाले, पुढे चालणाऱ्यांच्या हाती काय होते, हे विचारून त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे आणि सही घ्यावी. हळर्ण, तेरेखोल, फोंडा, पत्रादेवी ही नावे आज ना उद्या पडद्यावर येणारच. तेव्हा दिग्दर्शकाच्या कल्पनेसमोर ठेवण्यास आपल्यापाशी कागद असला पाहिजे. आणि तो करण्याची मुदत फार थोडी उरली आहे.